ग्रामपंचायतीची अभ्यासिका, बारा जुने संगणक आणि एक सर्व्हर: जमेल का?

कापूसकोंडा

राम राम मंडळी.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक, गावातली पोरं कशाचा ना कशाचा फॉर्म भरतच असतात. ग्रामपंचायतीनं जुन्या शाळेच्या दोन खोल्या अभ्यासिकेला दिल्या, टेबल-खुर्च्या लोकवर्गणीतून झाल्या. आता एका कार्यालयातून मोडीत निघालेले बारा संगणक मिळालेत. कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम. हार्ड डिस्क निम्म्या गेलेल्या, उरलेल्या जायच्या बेतात. मॉनिटर मात्र धडधाकट, साडेअठरा इंची एलईडी.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ या यंत्रांवर रीतसर चढत नाही. त्याला टीपीएम २.० (मदरबोर्डवरची सुरक्षेची चिप) लागतं आणि प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा. प्रत्येकात रॅम आणि एसएसडी घालायची तर बाराने गुणलं की आकडा फुगतो.

पुण्याला नोकरी करणारा गावचाच एक मुलगा म्हणतो, थिन क्लायंट करा. एक दमदार यंत्र घ्या, सगळ्यांची कामं त्याच्यावर चालतील, बाकीचे नुसते पडदे आणि कीबोर्ड. ऐकायला भारी वाटतं. पण सर्व्हर गावातच ठेवायचा की क्लाउडवर भाड्यानं घ्यायचा? बारा जणांना किती ताकद लागेल? आणि आमच्याकडे लाईन कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा काय? ज्यांनी प्रत्यक्षात केलंय त्यांनी सांगा. विक्रेत्यांचं ऐकून झालंय.

सांबारवडी

भाऊ, पहिले हे सांग, पोरं त्याच्यावर करतीन काय? यूट्यूबवर लेक्चर पाहतीन का टायपिंग आन सराव परीक्षा देतीन? सारं त्याच्यावरच आहे. बाकी मंग पाहू.

कापूसकोंडा

दोन्ही. संध्याकाळी सराव परीक्षा, फॉर्म भरणं, मराठी टायपिंग. दुपारी लेक्चरचे व्हिडिओ. व्हिडिओ मोबाईलवर बघा म्हणता येईल, पण मग अभ्यासिकेत बसून मोबाईलच बघतील, आणि काय बघतील ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

रिकामा_रेडा

मोबाईल आहेच ना सगळ्यांकडे. संगणक कशाला पाहिजे? उगाच खर्च.

टंकलेखिका

@रिकामा_रेडा, २०२३ ची तलाठी भरती संगणकावर झाली. आयुष्यात पहिल्यांदा माउस धरणारा मुलगा परीक्षा केंद्रावर पहिली दहा मिनिटं पुढचा प्रश्न कसा उघडायचा हे शोधण्यात घालवतो. माझी पुसदला टायपिंगची संस्था आहे, असे विद्यार्थी दर बॅचला येतात. अंगठ्याने टाइप करणारी पिढी दहा बोटं ठेवायला शिकायला महिने घेते. मोबाईलवर ते होत नाही.

गणितमास्तर

चांगला धागा. थोडं सविस्तर लिहितो, कारण "थिन क्लायंट" या नावाखाली लोक दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि घोळ तिथेच होतो.

पहिला प्रकार म्हणजे खरा पातळ डबा. कार्यक्रम सर्व्हरवर चालतो, तुमच्यासमोर त्याचं फक्त चित्र येतं. तुम्ही कळ दाबली की ती कळ सर्व्हरकडे जाते, सर्व्हर अक्षर उमटवतो आणि पडद्याचा बदललेला तुकडा परत पाठवतो. विंडोजचं आरडीपी (रिमोट डेस्कटॉप), लिनक्सवरचं, म्हणजे विंडोजऐवजी वापरतात त्या मोफत सिस्टिमवरचं, एक्सआरडीपी, एक्सटूगो, व्हीएनसी, सगळे याच घरातले. समोरचं यंत्र किती जुनं आहे याला जवळपास महत्त्व नाही.

दुसरा प्रकार म्हणजे डिस्क नसलेला संगणक. समोरच्या यंत्राला हार्ड डिस्क नसते. ते चालू झालं की नेटवर्कवरून सर्व्हरला विचारतं, सर्व्हर त्याला पत्ता देतो आणि अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम तारेतून पाठवतो. पण त्यानंतर कार्यक्रम समोरच्याच यंत्राच्या प्रोसेसरवर आणि रॅममध्ये चालतात. सर्व्हर म्हणजे सगळ्यांची सामायिक हार्ड डिस्क, एवढंच.

लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, म्हणजे एलटीएसपी, १९९९ साली सुरू झाला तेव्हा तो पहिल्या प्रकारचा होता. २०१९ मध्ये तो नव्याने लिहिला गेला आणि आता मूळ पद्धत दुसरीच आहे. त्यामुळे इंटरनेटवर जुनी माहिती वाचून सर्व्हर घ्यायला जाल तर गरजेपेक्षा कितीतरी मोठा घ्याल.

आता व्हिडिओचं गणित. तुमच्या मॉनिटरचं रिझोल्यूशन १३६६ × ७६८ असणार. म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपके. प्रत्येकी तीन बाइट धरले तर एका चित्राला सव्वातीन एमबीच्या थोडं आत. सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे ७८ एमबीच्या वर, म्हणजेच जवळपास ६३० मेगाबिट. हे एका विद्यार्थ्याचं. गिगाबिट तारेत दोघंही बसत नाहीत. आरडीपी वगैरे अर्थातच दाबून पाठवतात, म्हणून प्रत्यक्षात तेवढं जात नाही, पण मग ते दाबण्याचं काम सर्व्हरच्या प्रोसेसरला करावं लागतं. आधी व्हिडिओ उलगडायचा, मग पुन्हा दाबायचा, बारा जणांसाठी. तिथे सर्व्हर धापा टाकतो.

टायपिंग, फॉर्म, सराव परीक्षा यांत पडदा क्वचितच बदलतो. तिथे पहिला प्रकार लोण्यासारखा चालतो.

तेव्हा कोअर टू ड्युओला २ जीबी रॅम असेल तर दुसरा प्रकार आधी करून बघा. व्हिडिओ त्यांचे ते दाखवतील, फार उंच दर्जाचा ठेवू नका म्हणजे झालं.

तर्रीपोहे

मास्तर, वाचनखूण साठवली.

निवृत्त_रोखपाल

यात नवीन ते काय? नव्वदच्या दशकात आमच्या बँकेत युनिक्सचा एक सर्व्हर होता आणि काउंटरवर हिरव्या अक्षरांचे टर्मिनल. डब्यात डोकं नव्हतं. सर्व्हर बसला की सगळी शाखा हाताने पावत्या लिहायची. मग प्रत्येकाच्या टेबलावर पीसी आले, आणि आता पुन्हा सगळं डेटा सेंटरमध्ये गेलं. फिरून फिरून भोपळे चौकात.

गणितमास्तर

काका, अगदी बरोबर. एमआयटीत १९८४ ला एक्स विंडो सिस्टिम सुरू झाली ती याच विचाराने, की कार्यक्रम एका यंत्रावर आणि खिडकी दुसऱ्यावर. विंडोजच्या बाजूला एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती १९९८ ची. कल्पना जुनीच आहे. पैशाचं पारडं कधी इकडे, कधी तिकडे झुकतं.

जिनिंगवाला

मी हिंगणघाटकडचा. आमच्या जिनिंगमध्ये हा प्रकार चालू आहे, पण आमचं काम वेगळं, टॅलीचं. हंगामात दिवसभर कापसाच्या गाड्या, काटा, पावत्या. हिशोबाचा माणूस शहरात बसते, काटा जिनिंगवर. आधी टॅलीचा डेटा शेअर करून दुरून उघडायचे तर एक एंट्री सेव्ह व्हायला वेळ लागे आन मधात लाईन तुटली की डेटा खराब. टॅलीचा डेटा फायलींत असते ना. आता टॅली सर्व्हरवरच चालते, डेटा तिथून हालत नाही, फक्त चित्र येते जाते. मधात नेट गेलं तरी एंट्री जशीच्या तशी, परत जोडलं की तिथूनच पुढं.

आन एक गोष्ट कोणी सांगणार नाही ते सांगतो. जिनिंगमध्ये हवेत रुई उडते. साध्या सीपीयूचा पंखा महिन्याभरात गादीसारखा भरते, मग गरम होते, मग बंद. पंखा नसलेला छोटा थिन क्लायंट लावला तर तो प्रश्नच नाही. वर्षानुवर्षं भिंतीवर टांगून आहे. तुमच्या गावात रुई नसन, पण उन्हाळ्यात धूळ तर आहेच ना?

कापूसकोंडा

धूळ म्हणाल तर पोत्याने आहे. मास्तर, जिनिंगवाले भाऊ, दोघांचे आभार. पण क्लाउडचा प्रश्न राहिला. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलेली आहे. मग सर्व्हर इथे कशाला ठेवू? मुंबईत भाड्याने घेतला तर उन्हाळा, धूळ, चोरी, कशाचीच काळजी नाही.

धारणीकर_गुरुजी

मेळघाटातून लिहितो आहे. क्लाउडच्या भानगडीत पडू नका. कारण सांगतो.

डोंगरात फायबर पोचली नव्हती तेव्हा आम्ही उपग्रहाच्या जोडणीवर हा प्रयोग पाहिला आहे. भूस्थिर उपग्रह पृथ्वीपासून जवळपास ३६,००० किलोमीटरवर असतो. तुम्ही दाबलेली कळ वर जाणार, खाली सर्व्हरकडे येणार, मग चित्र पुन्हा वर आणि पुन्हा खाली. चार फेऱ्या, १,४४,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगाने गेलं तरी अर्धा सेकंद तिथेच गेला. 'क' दाबला की 'क' दिसेपर्यंत मूल पुन्हा 'क' दाबतं. मग पडद्यावर 'ककक'. वेब पान उघडायला अर्ध्या सेकंदाने बिघडत नाही, पण प्रत्येक अक्षराला अर्धा सेकंद म्हणजे शिक्षा आहे.

फायबरवर हा त्रास नाही. यवतमाळ जिल्ह्यातून मुंबईला जाऊन यायला मिलिसेकंदांचाच हिशोब, ते हाताला जाणवतही नाही. पण रस्त्याच्या नाहीतर नालीच्या खोदकामात फायबर तुटली की? सर्व्हर खोलीतच असेल तर नेट नसतानाही टायपिंग चालतं, सर्व्हरवर साठवलेले व्हिडिओ चालतात, प्रश्नसंच चालतात. क्लाउडवर असेल तर बारा काळे पडदे.

आणि सर्व्हर खोलीत असला की एकदा उतरवलेली लेक्चर सगळ्यांना घरच्या घरी. तेच तेच बारा वेळा नेटवरून ओढायला नको.

सांबारवडी

गुरुजींना +१. गावात नेट पाव्हणा असते, आला तं आला. सर्व्हर घरचाच पायजे.

विजेचा_लपंडाव

मी वायरमन नाही पण इन्व्हर्टर-बॅटरीचा धंदा करतो, यवतमाळलाच. सगळे सर्व्हरवर बोलताहेत, विजेचा हिशोब कोणीच केला नाही. मी करतो.

जुना कोअर टू ड्युओ सीपीयू साधारण ७० वॅट खातो. एलईडी मॉनिटर १८. म्हणजे एका जागेला ८८, बाराला १०५६ वॅट. सर्व्हर ८० धरा. एकूण ११३६. आता तुमच्याकडे १२ व्होल्ट, १५० एएचच्या दोन बॅटऱ्या आहेत समजा. कागदावर ३६०० वॅट-अवर. पण लेड ॲसिड बॅटरी पूर्ण पिळली तर लवकर मरते, वर इन्व्हर्टरचा तोटा. निम्मेच धरा, १८००. म्हणजे दीड तास. उन्हाळ्यातल्या दुपारी दीड तासाने काय होतं?

लक्षात घ्या, हेच जुने सीपीयू थिन क्लायंट म्हणून वापरले तरी वीज तेवढीच लागणार. हार्ड डिस्क काढली म्हणून फार तर पाच-सात वॅट वाचतील. "थिन क्लायंटमुळे वीज वाचते" हे वाक्य डबा बदलला तरच खरं. जुना सीपीयू काढून ८ वॅटचा छोटा डबा लावला तर एका जागेला २६, बाराला ३१२, सर्व्हर धरून ३९२. त्याच बॅटऱ्यांवर साडेचार तास.

डबे एकदम घेऊ नका. सीपीयू जसजसे मरतील तसतसे बदला.

कापूसकोंडा

ही गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. पण एवढ्या बॅटऱ्या तरी कुठे आहेत आमच्याकडे? सध्या एकच १५० एएचची आहे, तीही पंख्यांसाठी.

विजेचा_लपंडाव

मग ती सर्व्हरला द्या. फक्त सर्व्हर, नेटवर्क स्विच आणि राउटर. मिळून शंभरेक वॅट. एका बॅटरीवर आठ-नऊ तास आरामात. जागांवरची वीज गेली तर जाऊ द्या.

टंकलेखिका

म्हणजे मुलांचं काम गेलंच की!

गणितमास्तर

नाही ताई, इथेच पहिल्या प्रकाराची खरी गंमत आहे. जिनिंगवाल्या भाऊंनी वर ओझरतं सांगितलंय. काम सर्व्हरवर चालू असेल तर समोरचा पडदा मेला म्हणून काम मरत नाही. मुलगी अर्धा उतारा टाइप करून थांबली होती, लाईन गेली. सर्व्हर जिवंत आहे. चाळीस मिनिटांनी लाईन आली, तिने पुन्हा आपलं नाव-पासवर्ड टाकलं की तोच उतारा, कर्सर त्याच अक्षरावर. एक्सटूगो आणि एक्सआरडीपी दोन्हींत हे होतं. एवढंच की वेबसाइटवरचा फॉर्म असेल तर ती वेबसाइट आपलं सेशन किती वेळ जिवंत ठेवते त्यावर अवलंबून. ते आपल्या हातात नाही.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे डिस्क नसलेल्या संगणकात, असं होत नाही. तिथे काम समोरच्या रॅममध्ये असतं. वीज गेली की न साठवलेलं गेलं.

म्हणून मी माझं वरचं मत थोडं बदलतो. दोन्ही ठेवा. सगळे बारा संगणक नेटवर्कवरून दुसऱ्या प्रकाराने सुरू होऊ द्या. व्हिडिओ आणि साधं ब्राउझिंग जागेवरच. आणि डेस्कटॉपवर एक चिन्ह ठेवा, "टायपिंग व परीक्षा". त्यावर टिचकी मारली की सर्व्हरवरचं सेशन पूर्ण पडदाभर उघडतं. महत्त्वाचं काम तिथे. मुलांना तांत्रिक फरक समजावायची गरज नाही. "लाईन गेली तरी टिकायला पाहिजे ते यात करा" एवढं सांगितलं की पुरे.

तर्रीपोहे

वा! हे डोक्यात नव्हतं.

बिगरशेती

सर्व्हर कोणता घ्यावा ते कोणी सांगितलंच नाही. आणि विंडोज सर्व्हर की लिनक्स?

गणितमास्तर

वरच्या मिश्र पद्धतीला ब्रँडेड रॅकचा सर्व्हर अजिबात नको. तो आवाज करतो, वीज खातो आणि त्याचा सुटा भाग दारव्ह्याला मिळत नाही. आय५ चा अलीकडचा साधा डेस्कटॉप, ३२ जीबी रॅम, ५०० जीबीच्या दोन एसएसडी एकमेकींची नक्कल करणाऱ्या, गिगाबिट पोर्ट. रॅमचा हिशोब असा: ब्राउझर उघडून बसलेला एक विद्यार्थी एक ते दीड जीबी घेतो. बारा जण एकदम आले तर १८, वर सिस्टिमचे दोन-तीन.

व्हिडिओचं वजन गिगाबिट स्विचवर टाका. सर्व्हर ते स्विच गिगाबिट हवीच, जागांना शंभर मेगाबिट असली तरी चालते.

विंडोजबद्दल. विंडोज प्रो असलेल्या साध्या संगणकात दूरून एका वेळी एकच माणूस बसू शकतो. बारा जण बसवायचे तर विंडोज सर्व्हर, त्याची क्लायंट परवानगी (लायसन्स), आणि त्यावर रिमोट डेस्कटॉपची वेगळी क्लायंट परवानगी, प्रत्येक माणसाला किंवा प्रत्येक यंत्राला. सुरुवातीचे १२० दिवस ते न मागता चालतं, म्हणून पुष्कळ जण फसतात. बाजारात "पॅच" मारून प्रो वर दहा जण बसवून देणारे भेटतील. ग्रामपंचायतीच्या जागेत ती भानगड नको, उद्या ऑडिटला उत्तर द्यावं लागेल.

टंकलेखिका

एक अडचण मात्र आहे. टायपिंगच्या परीक्षांचा सराव ज्या सॉफ्टवेअरवर होतो ते बहुतेक विंडोजवरचं असतं. कापूसकोंडा दादा, लिनक्सवर इनस्क्रिप्ट (मराठी कीबोर्डची प्रमाणित मांडणी) छान चालतं, फॉन्ट आणि कीबोर्ड सर्व्हरवर एकदा टाकला की बाराही जागांवर आला, हे मला फार आवडलं. माझ्याकडे प्रत्येक संगणकावर कोणी ना कोणी कीबोर्डची भाषा बदलून ठेवतं आणि सकाळची अर्धी बॅच ती सरळ करण्यात जाते. पण जीसीसी-टीबीसीची (सरकारी संगणक टायपिंग परीक्षेची) तयारी करणारी मुलं असतील तर दोन संगणक विंडोजवर वेगळे ठेवा. आणि मुलांच्या जुन्या फायली कृतीदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर त्या युनिकोडमध्ये आणून घ्या, नाहीतर लिनक्सवर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतील.

कापूसकोंडा

दोन विंडोजचं पटलं. त्यातल्या त्यात चांगले दोन निवडून त्यांनाच रॅम आणि एसएसडी घालतो. नेटवर जोडणार नाही, फक्त टायपिंगला.

खारपाणपट्टा

दर्यापूरहून. सर्व्हर कुठे ठेवणार? हे आधी ठरवा. बाजारातला डेस्कटॉप साधारण ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असतं, पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त. मग कोणीतरी म्हणतं, कुलरसमोर ठेवा. अजिबात नको. कुलरची हवा ओली. आमच्याकडे तर बोअरचं पाणी खारं, ते उडून मदरबोर्डवर पांढरा थर बसतो आणि सॉकेट गंजतात. आमच्या इथल्या एका वाचनालयात असंच मेलंय यंत्र.

सिमेंटच्या स्लॅबची खोली, उत्तरेकडची भिंत, जमिनीपासून दोन-तीन फूट वर, आणि गरम हवा बाहेर फेकणारा एक एक्झॉस्ट पंखा. पाण्याचा संबंध नको. सर्व्हरच्या कपाटाला बारीक जाळी लावा आणि ती दर आठवड्याला झटका.

अर्थिंग! काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मे-जूनमध्ये त्यात पाणी ओतत राहायला सांगा. पहिल्या वळवाला कडकडाट झाला की नेटवर्कचे पोर्ट जळतात ते अर्ध्याअधिक यामुळेच.

जिनिंगवाला

खरं आहे. आन दोन खोल्या वेगवेगळ्या इमारतीत असतीन तर मधात तांब्याची तार टाकू नका. फायबर टाका. तांब्याच्या तारेतून इज सरळ स्विचमध्ये उतरते. फायबरमधून करंट जात नाही. तशीही तांब्याची तार शंभर मीटरच्या पलीकडे चालत नाही.

आन सगळ्यात मोठी गोष्ट. घरी बसून सर्व्हर पाहता यावा म्हणून राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे आरडीपीचं दार, उघडून द्यायला कोणीतरी सांगीन. देऊ नका! ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे असंच उघडं ठेवलं होतं. सकाळी आले तं टॅलीच्या साऱ्या फायली कुलूपबंद आन पडद्यावर पैसे मागणारी इंग्रजी चिठ्ठी. बॅकअप त्याच यंत्रावर, तोही गेला.

गणितमास्तर

सहमत. २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची आरडीपीतली त्रुटी उघड झाली होती, तिच्यात तर पासवर्डचीही गरज नव्हती. बाहेरून सर्व्हर बघायचाच असेल तर वायरगार्डसारखं व्हीपीएन (नेटवरचा खाजगी, कुलूपबंद रस्ता) आधी, आरडीपी त्याच्या आत. आणि बॅकअप वेगळ्या डिस्कवर, ती डिस्क कपाटात, तारेला जोडलेली नको.

निवृत्त_रोखपाल

प्रश्न विचारतो, रागावू नका. हे सगळं उभं करणारा मुलगा उद्या पुण्याला परत जाईल. मग? सर्व्हर बसला की बाराच्या बारा बसले. वेगवेगळे संगणक असते तर एक बिघडला, अकरा चालू. योजनेतून आलेल्या लॅब मी शाळांमध्ये पाहिल्यात. पासवर्ड माहीत असलेला माणूस बदलून गेला आणि सगळी लॅब कापडाखाली झाकून ठेवली.

धारणीकर_गुरुजी

काकांचा मुद्दा या सगळ्या धाग्यात सगळ्यात जड आहे. बारा संगणक बारा वेळा दुरुस्त करावे लागत नाहीत हा थिन क्लायंटचा खरा फायदा. पण ती एक दुरुस्ती करणारं गावात कोणीतरी पाहिजे.

आम्ही काय करतो ते सांगतो. तयार झालेल्या सर्व्हरची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवतो. सर्व्हर बसला की जुनी डिस्क काढा, नवी लावा, चालू करा. हे काम दहावीतला मुलगाही करतो, फक्त त्याला एकदा करून दाखवावं लागतं. मुलांच्या फायली वेगळ्या डिस्कवर, त्या जात नाहीत. पासवर्ड बंद पाकिटात, ग्रामपंचायतीच्या कपाटात. आणि तीन मुलींना शिकवलंय. मुलांना शिकवलं तर ती भरतीला निघून जातात. मुलीही जातात म्हणा, पण जाण्याआधी दुसरीला शिकवून जातात, हा आमचा अनुभव.

सांबारवडी

गुरुजी, पोट्ट्यांची इज्जत काढली राजेहो 😄

कापूसकोंडा

खरं बोलले पण गुरुजी. आमच्याकडे दोघी बहिणी आहेत, एक बीसीए करते, दुसरी बारावीत. रोखपाल काकांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच. सर्व्हर उभा करताना पुण्याच्या मुलाला सांगितलंय, तू कीबोर्डला हात लावायचा नाही, मागे उभा राहून सांगायचं.

सध्या ठरलं ते असं: दहा जागा नेटवर्कवरून सुरू होणाऱ्या, त्यांच्यावर ते "टायपिंग व परीक्षा" चिन्ह. दोन विंडोज. सर्व्हर मास्तरांनी सांगितला तसा, पण रॅम आधी १६ आणि मग वाढवू, स्लॉट मोकळा ठेवून. बॅटरी सर्व्हरला. पंख्यांसाठी वेगळी वर्गणी मागावी लागेल, ग्रामसभेत शिव्या खाईन. सर्व्हरची खोली उत्तरेकडची, आधी तिथे पोषण आहाराचा तांदूळ ठेवायचे.

एकच शंका. राउटर नेट कंपनीचा आहे, त्याच्या सेटिंगमध्ये जाता येत नाही. नेटवर्कवरून सुरू व्हायला त्यातच बदल करावा लागतो ना?

गणितमास्तर

नाही. राउटर पत्ते देत राहू दे. एलटीएसपीमध्ये डीएनएसमास्क नावाचा कार्यक्रम येतो, तो प्रॉक्सी पद्धतीने बसतो. राउटर यंत्राला पत्ता देतो, आणि तुमचा सर्व्हर शेजारून फक्त एवढंच सांगतो की सुरू व्हायची फाईल माझ्याकडे आहे. राउटरला हात लावायचा नाही. जुन्या यंत्रांच्या बायोसमध्ये (यंत्र चालू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) मात्र प्रत्येकी एकदा जाऊन नेटवर्क बूट पहिल्या क्रमांकावर आणा. आणि बायोसचा बटण सेल बदला, नाहीतर लाईन गेली की तो क्रम विसरेल.

बिगरशेती

तांदूळ ठेवायची खोली म्हणजे उंदीर असणार. ते तारेचं वेष्टन कुरतडतात.

कापूसकोंडा

आहेत. भरपूर.

खारपाणपट्टा

तारा पीव्हीसी पाइपातून न्या, जमिनीलगत नको, छताजवळून. पाइपाची दोन्ही तोंडं बंद करा. स्विच लोखंडी पेटीत. आणि त्या खोलीतून तांदळाचा शेवटचा दाणाही काढा, मगच सर्व्हर आणा.

टंकलेखिका

प्रिंटरचं काय ठरवलं? फॉर्म भरल्यावर प्रत लागतेच.

गणितमास्तर

प्रिंटर सर्व्हरलाच जोडा, सगळ्या जागांना दिसेल. फक्त लेझर प्रिंटर त्या बॅटरीवर टाकू नका. तापताना तो एकदम हजारेक वॅट ओढतो, इन्व्हर्टर ट्रिप होईल आणि सर्व्हर त्याच्याबरोबर जाईल. प्रिंटर सरळ लाईनवर. लाईन नसेल तेव्हा प्रिंट रांगेत पडून राहील, आली की निघेल.